भूमीतून येणारी हाक

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरला आपण सहकुटुंब दफनभूमीत जातो, थडगी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. धर्मगुरू थडग्यांवर पवित्र जल शिंपडून प्रार्थना म्हणतात. मृतांच्या सान्निध्यात अशी संध्याकाळ घालवूनही त्या दिवशी कोणाला भीती वाटत नाही. मात्र त्याच रात्री घरातला मुलगा भुताची कादंबरी उघडून बसला, की आई ती त्याच्या हातातून काढून घेते. ख्रिस्ती घरात असले काही वाचू नये, असे तिचे म्हणणे असते.

आईचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. मृतात्म्यांना आवाहन करणे, मंत्रतंत्राच्या नादी लागणे हे ख्रिस्तसभेने निषिद्धच मानले आहे. परंतु भुताला बोलावणे वेगळे आणि भुताची गोष्ट वाचणे वेगळे. काही भयकथा केवळ अंगावर काटा आणण्यासाठी लिहिल्या जातात, त्यांच्याविषयी मला येथे काही सांगावयाचे नाही. काही भयकथा मात्र माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला जागे करतात. अशा कथांची एक मोठी परंपरा अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशात निर्माण झाली. तिचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि तिच्यातील निवडक पुस्तकांची वाचकांना शिफारस करावी, हा या लेखाचा उद्देश आहे.

'वेस्टर्न' हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. घोडेस्वार, पिस्तुले, शेरिफ, धुळीने भरलेले एकाकी गाव ही सारी चित्रे आपण इंग्रजी चित्रपटांत पाहिली आहेत. लुई लामूरच्या कादंबऱ्या आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आवडीने विकत घेतल्या गेल्या आहेत. या कथांमागे एक गृहीतक असते. प्रदेश ओसाड होता, तेथे शूर माणसे आली, त्यांनी तो वसविला. वस्तुतः तो प्रदेश ओसाड नव्हता. तेथे शेकडो जमातींचे मूलनिवासी हजारो वर्षे नांदत होते. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले, आणि त्यानंतरच्या २०-२२ वर्षांत तेथील मूलनिवासींची संख्या, इतिहासकारांच्या अंदाजानुसार, सुमारे १,५०,००० वरून सुमारे ३०,००० वर आली. रोगराई, उपासमार, सक्तीची मजुरी आणि उघडउघड कत्तली ही त्याची कारणे होत.

उत्पत्तीच्या पुस्तकात काइन आपल्या भावाला शेतात ठार मारतो आणि काही घडलेच नाही, असा आव आणतो. तेव्हा आबेलाचे रक्त जमिनीतूनच देवाला हाक मारते. साक्षीदार नसलेल्या पहिल्या खुनाची साक्ष भूमीने दिली. सीमाप्रदेशातील उत्तमोत्तम भयकथांचे बीज याच प्रसंगात आहे, असे मला वाटते. जे पाप इतिहासाने नोंदविले नाही, न्यायालयाने ऐकले नाही आणि पाप करणाऱ्याने कबूल केले नाही, ते या कथांमध्ये भूत होऊन उभे राहते.

डोंगरावरील मोह

या परंपरेच्या प्रारंभी ब्रेट हार्ट या लेखकाचे नाव घ्यावे लागेल. हार्टचा जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचा. १८५४ साली तो कॅलिफोर्नियात आला. पुढे तो उत्तर कॅलिफोर्नियातील एका लहानशा गावी वृत्तपत्रात काम करीत असताना, फेब्रुवारी १८६० मध्ये, जवळच्या हम्बोल्ट उपसागरातील एका बेटावर भयंकर घटना घडली. वियोत जमातीचे लोक तेथे आपल्या वार्षिक धर्मोत्सवासाठी जमले होते. रात्री काही गोरे वसाहतवाले होडीतून बेटावर गेले आणि त्यांनी निद्रिस्त स्त्रिया, मुले व वृद्ध यांना कुऱ्हाडी-सुऱ्यांनी ठार केले. संपादक परगावी गेले असल्याने वृत्तपत्राची जबाबदारी त्या वेळी २३ वर्षांच्या हार्टवर होती. त्याने या कृत्याचा कठोर शब्दांत निषेध छापला. परिणामी त्याच्या जिवालाच धोका निर्माण झाला आणि त्याला ते गाव सोडून सॅन फ्रान्सिस्कोला जावे लागले. खुन्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर १८६३ मध्ये, 'अटलांटिक मंथली' या प्रतिष्ठित मासिकात हार्टची 'द लेजंड ऑफ मॉन्टे देल दिआब्लो' ही कथा प्रसिद्ध झाली. तिचा नायक फादर होसे अँतोनिओ हारो हा स्पॅनिश मिशनमधील धर्मगुरू आहे. नवे आत्मे जिंकण्याच्या उत्साहाने तो एका अनोळखी डोंगरावर चढतो. तेथे त्याला जुन्या स्पॅनिश वेषातील एक अदबशीर गृहस्थ भेटतो. तो फादरांना भविष्याचे दृश्य दाखवितो. स्पेनची सत्ता आपल्या क्रूस-पताकांसह मावळतीकडे निघून चालली आहे आणि पूर्वेकडून कुऱ्हाडी घेतलेल्या, सोन्यासाठी हपापलेल्या माणसांचे लोंढे येत आहेत. हा गृहस्थ म्हणजे साक्षात सैतान, हे फादरांच्या ध्यानी येते आणि झटापट होते. शुद्धीवर आल्यावर आपण अस्वलाशी झुंजलो असे ते इतरांकडून ऐकतात.

सैतानाने प्रभू येशूला उंच पर्वतावर नेऊन जगातील राज्ये दाखविली, तो प्रसंग कोणाही ख्रिस्ती वाचकाला येथे आठवेल. हार्टची शैली हलकीफुलकी, किंचित थट्टेची आहे. परंतु त्याच्या सैतानाने दाखविलेले भविष्य वाचकांच्या दृष्टीने भूतकाळच होता, आणि त्या कुऱ्हाडी काय करू शकतात, हे लेखकाला चांगलेच ठाऊक होते.

भिंतीच्या भोकातील डोळा

पुढे हार्ट 'ओव्हरलँड मंथली' या सॅन फ्रान्सिस्कोच्या मासिकाचा संपादक झाला. त्याने ते पद सोडल्यावर काही महिन्यांतच, १८७१ साली, त्या मासिकात अँब्रोज बिअर्सची 'द हॉन्टेड व्हॅली' ही पहिली कथा छापून आली. बिअर्स हा यादवी युद्धात लढलेला सैनिक. १८६४ साली त्याच्या डोक्याला गोळी लागली होती. मृत्यूविषयी त्याच्या लेखनात जो कोरडा, बोचरा स्वर आढळतो, त्याचे मूळ रणांगणात आहे.

या कथेतील जो डनफर हा चिनी मजुरांचा कडवा द्वेष्टा आहे. त्याच्याकडे आह वी नावाचा चिनी नोकर होता. तो आता जवळच्या घळीत पुरलेला आहे. प्रवासी निवेदक डनफरशी बोलत बसला असता लाकडी भिंतीतील गाठीच्या भोकातून एक काळाभोर डोळा आत पाहताना त्याला दिसतो, आणि तो पाहून डनफरची गाळण उडते. आह वी कोण होता, तो कसा मेला, तो डोळा कोणाचा, याचा उलगडा वाचकांनी मूळ कथेतच वाचावा.

या कथेचे खरे मर्म कळण्यासाठी एक ऐतिहासिक घटना माहीत असावयास हवी. १८५४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की चिनी माणसाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध ग्राह्य धरता येणार नाही. तो खटला एका चिनी खाणमजुराच्या खुनाचा होता. चिनी साक्षीदारांच्या जबानीवर दोषी ठरलेला गोरा आरोपी या निर्णयामुळे सुटला. अशा काळात भिंतीच्या भोकातून पाहणारा तो मूक डोळा म्हणजे न्यायालयाने बाहेर काढलेला साक्षीदारच होय. १८८२ साली तर चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेश नाकारणारा कायदाच झाला. बिअर्स हा काही संत नव्हता, आणि श्रद्धावान तर मुळीच नव्हता. तरीही या कथेत त्याने खुन्याला सुखाने झोपू दिले नाही. १८९३ मध्ये त्याच्या अशा कथांचा 'कॅन सच थिंग्ज बी?' हा संग्रह निघाला. १९१३ च्या अखेरीस तो यादवीने पेटलेल्या मेक्सिकोत गेला आणि त्यानंतर त्याचा ठावठिकाणा कधीच लागला नाही.

टेकाडाखाली पुरलेले

विसाव्या शतकात ही परंपरा स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांकडे गेली. १९२३ साली सुरू झालेले 'वीअर्ड टेल्स' हे त्यांत अग्रगण्य. त्याच्या मे १९३२ च्या अंकात टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्डची 'द हॉरर फ्रॉम द माउंड' ही कथा आली. वेस्टर्न आणि भयकथा यांचा पुरेपूर मिलाफ प्रथम याच कथेत झाला, असे अनेक अभ्यासक मानतात.

स्टीव्ह ब्रिल हा गुराख्याचा शेतकरी झालेला, कर्जाने गांजलेला माणूस. त्याच्या शेताजवळ एक टेकाड आहे. त्याचा मेक्सिकन शेजारी ह्वान लोपेझ रात्री त्या टेकाडाजवळून कधीच जात नाही. कारण विचारले तर, ते गुपित तोंडाने न सांगण्याची पिढीजात शपथ आहे, असे तो म्हणतो. टेकाडात मूलनिवासींचे सोने असेल, या आशेने ब्रिल ते खणतो. शपथेने जीभ बांधलेला लोपेझ अखेर ते रहस्य कागदावर लिहून काढतो, आणि त्या कागदांपाशीच मरून पडलेला आढळतो. टेकाडातून बाहेर येतो तो रक्तपिपासू पिशाच बनलेला एक स्पॅनिश सरदार. सोळाव्या शतकात सोन्याच्या शोधात आलेल्या मोहिमेतील तो एक होता.

हॉवर्डच्या लेखनात त्याच्या काळाचे वर्णविषयक पूर्वग्रह पुष्कळ आहेत, ते वाचकाने ओळखून बाजूला ठेवावेत. परंतु या कथेतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. टेकाड मूलनिवासींचे, म्हणून त्यातील भूतही त्यांचेच असणार, असे सारे गृहीत धरतात. बाहेर पडते ते मात्र जेत्यांनीच आणलेले आणि जेत्यांनीच गुपचूप पुरून ठेवलेले पाप. ज्या सोन्याच्या लोभाने ते प्रथम या भूमीवर आले, त्याच लोभाने ४०० वर्षांनी त्याची कबर उघडली जाते.

बिशपांचे मौन

येथे एका वेगळ्या पुस्तकाचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. विला कॅथर हिची 'डेथ कम्स फॉर द आर्चबिशप' ही १९२७ ची कादंबरी भयकथा नाही. ती सांता फेचे पहिले आर्चबिशप जाँ-बाप्तिस्त लामी यांच्या जीवनावर आधारलेली आहे. लामी हे फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांताचे. १८५१ मध्ये ते सांता फेला पोहोचले आणि १८८८ मध्ये तेथेच वारले. कॅथर स्वतः कॅथलिक नव्हती, तरीही मिशनरी धर्मगुरूंचे कष्ट, एकाकीपण आणि मैत्री यांचे इतके जिव्हाळ्याचे चित्रण क्वचितच आढळते.

या कादंबरीत 'स्टोन लिप्स' म्हणजे 'दगडी ओठ' नावाचे एक प्रकरण आहे. बिशप लातूर हिमवादळात सापडतात. त्यांचा मूलनिवासी वाटाड्या हासिंतो त्यांना ओठांच्या आकाराच्या एका कपारीतून गुहेत नेतो. ती जागा त्याच्या जमातीची पवित्र, गुप्त जागा आहे. येथे आल्याचे कोणालाही सांगू नका, असे तो बिशपांना विनवितो. गुहेत एक विचित्र वास आहे. खडकाला कान लावताच खाली खोलवर वाहणाऱ्या नदीचा गंभीर घोष ऐकू येतो. त्या गुहेने बिशपांचे प्राण वाचविले, तरीही तिच्या आठवणीने त्यांना पुढे शहारे येत राहतात. येथे कोणतेही भूत नाही. एका सज्जन, विद्वान धर्मगुरूला आपल्या आधीच्या, आपल्याला अनाकलनीय असलेल्या एका जगाचा कानोसा लागला, एवढेच घडते. ती जागा उघडी करण्याचा किंवा नष्ट करण्याचा प्रयत्न ते करीत नाहीत. ब्रिलने टेकाड खणले, बिशपांनी दिलेला शब्द पाळला. दोन्ही कथा लागोपाठ वाचल्यास हा फरक मनात ठसतो.

पापनिवेदन कोणी करावयाचे?

१९८० च्या दशकात या प्रकाराला नवा बहर आला. स्टीफन किंगची 'द गनस्लिंगर' १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आली. जो लान्सडेलच्या 'डेड इन द वेस्ट' (१९८६) या कादंबरीत टेक्सासच्या एका गावाने एका मूलनिवासी वैदूला अन्यायाने ठार मारलेले असते, त्याच्या शापाने त्या गावातील मृत उठतात. त्यांच्याशी लढावयास जो पाळक येतो, तो स्वतःच आपल्या पापाच्या ओझ्याने वाकलेला आहे. लुई लामूरनेही मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८७ मध्ये, 'द हॉन्टेड मेसा' ही अद्‌भुताकडे झुकणारी कादंबरी लिहिली.

या साऱ्यांत वजनदार पुस्तक म्हणजे कॉर्मॅक मॅकार्थीचे 'ब्लड मेरिडियन' (१९८५). मॅकार्थी आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढला आणि कॅथलिक शाळेत शिकला. १८४९-५० मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर अपाचे लोकांच्या टाळूच्या कातड्याला सरकारी बक्षीस मिळत असे. त्यासाठी माणसे मारणाऱ्या ग्लँटन टोळीवर ही कादंबरी आधारलेली आहे. त्या टोळीत असलेल्या सॅम्युएल चेंबरलेन याने लिहून ठेवलेल्या आठवणी हा तिचा एक आधार. त्या आठवणींचे नावच 'माय कन्फेशन' असे आहे. कादंबरीत भूत नाही, परंतु 'जज्ज' होल्डन नावाचा एक प्रचंड, केशहीन, सर्वज्ञ वाटणारा पुरुष आहे. हार्टच्या डोंगरावरील अदबशीर गृहस्थाचेच हे उग्र रूप, असे वाचताना वाटत राहते. हे पुस्तक अत्यंत हिंसक आहे. प्रौढ व खंबीर मनाच्या वाचकांनीच ते हाती घ्यावे.

इथवरचे हे सारे लेखक वसाहतवाल्यांच्या बाजूचे. आबेलाची हाक ते ऐकत होते, पण लांबून. अलीकडच्या काळात मात्र ज्यांचे रक्त सांडले, त्यांचेच वंशज लिहू लागले आहेत. स्टीफन ग्रॅहम जोन्स हा ब्लॅकफीट जमातीचा लेखक १९७२ साली जन्मला. त्याच्या 'द ओन्ली गुड इंडियन्स' (२०२०) या कादंबरीत चार मित्र राखीव क्षेत्रात एल्क हरणांची शिकार करतात, आणि एका गाभण मादीच्या मृत्यूचा हिशेब दहा वर्षांनी द्यावा लागतो. कादंबरीचे शीर्षक जनरल फिलिप शेरिडनच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या एका कुप्रसिद्ध उद्‌गारावरून घेतलेले आहे.

हे नाव आपण विसरू नये. २३ जानेवारी १८७० रोजी, कडाक्याच्या थंडीत, मेजर यूजीन बेकरच्या घोडदळाने माँटाना प्रदेशातील मरायस नदीकाठच्या एका ब्लॅकफीट तळावर गोळीबार केला. तळाचा प्रमुख हेवी रनर शांततावादी होता. आपल्या सद्वर्तनाचा सरकारी कागद हातात घेऊन तो सैनिकांना सामोरा गेला आणि तेथेच गोळीला बळी पडला. छावणीत देवीची साथ होती, धडधाकट पुरुष बहुतेक शिकारीला गेले होते. सैन्याने स्वतःच १७३ मृतांची नोंद केली. मृतांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते. या प्रकरणी कोणालाही शिक्षा झाली नाही. बेकरला मोहिमेवर धाडणारा आणि नंतर त्याची पाठराखण करणारा वरिष्ठ सेनानी शेरिडन हा होता. तो आयरिश कॅथलिक आईवडिलांचा पुत्र होता. १८८८ साली तो वारला, तेव्हा वॉशिंग्टनच्या सेंट मॅथ्यू चर्चमध्ये कार्डिनल गिबन्स यांच्या उपस्थितीत त्याचा अंत्यविधी झाला. आपल्या वेदीसमोर त्याच्यासाठी प्रार्थना झाली, ते योग्यच झाले. मरायसकाठच्या मृतांसाठी तशी प्रार्थना कोणी केली असेल काय, हा प्रश्न उरतो.

जोन्सची 'द बफेलो हंटर हंटर' (२०२५) ही कादंबरी या कत्तलीवरच उभी आहे. १९१२ साली माइल्स सिटी या गावी एका वृद्ध लुथरन पाळकाकडे गुड स्टॅब नावाचा ब्लॅकफीट पुरुष रविवारमागून रविवार येतो आणि पापनिवेदन करावयाचे आहे, असे सांगतो. तो रक्तपिपासू आहे. लक्षावधी रानरेड्यांची केवळ कातड्यासाठी कत्तल करणाऱ्या शिकाऱ्यांची त्याने शिकार केली आहे. पाळक ते सारे रोजनिशीत लिहून ठेवतो, आणि २०१२ मध्ये ती रोजनिशी एका भिंतीत सापडते. जसजसे पापनिवेदन पुढे सरकते, तसतसा वाचकाला एक संशय छळू लागतो. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांपैकी पापनिवेदनाची खरी गरज कोणाला आहे? पुस्तकात रक्तपात भरपूर आहे, तो नजरेआड करता येत नाही. परंतु कुमसाराच्या संस्काराविषयी इतका गंभीर प्रश्न विचारणारी भयकथा माझ्या वाचनात दुसरी नाही.

आपला संबंध

हे सारे दूरच्या देशातील झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी एका निवेदनाद्वारे तथाकथित 'शोधाच्या सिद्धान्ता'शी ख्रिस्तसभेचे नाते नाकारले. ख्रिस्ती राजाने शोधलेली बिगरख्रिस्ती भूमी त्याच्या मालकीची, असा त्या सिद्धान्ताचा आशय. त्या निवेदनात ज्या जुन्या पोपपत्रांचा उल्लेख आहे, त्यांतील १४९३ चे पत्र स्पेनला नव्या जगासाठी दिलेले होते. १४५५ चे पत्र मात्र पोर्तुगालला दिलेले. १५१० मध्ये गोव्यात आणि १५३४ मध्ये वसईत जी सत्ता आली, ती अशाच पत्रांचा आधार घेऊन आली होती. आपली श्रद्धा आणि आपली चर्चे ज्या इतिहासातून आली, त्यात संतांचे पुण्य आहे तसे सत्तेचे पापही आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली बोलिव्हियात आणि २०२२ साली कॅनडात मूलनिवासींची जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागितल्याने ख्रिस्तसभेचा मान कमी झाला, असे मला वाटत नाही.

वाचनाचा क्रम विचाराल, तर कॅथरपासून प्रारंभ करावा. तिची कादंबरी कोणत्याही कॅथलिक घरात मोठ्याने वाचावी अशी आहे. त्यानंतर हार्ट आणि बिअर्स यांच्या कथा घ्याव्यात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनाही त्या देता येतील. हॉवर्डची कथा पालकांनी मुलांसोबत वाचून चर्चा करावी. जोन्स व मॅकार्थी प्रौढांसाठी.

पापनिवेदनाच्या संस्कारात पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त असे टप्पे असतात, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. भयकथा फार तर पहिल्या दोन टप्प्यांपर्यंत नेते. तिसरा टप्पा पुस्तकाबाहेर आहे. ज्या बेटावरील कत्तलीचा निषेध केल्यामुळे तरुण हार्टला गाव सोडावे लागले, ते बेट युरेका नगरपालिकेच्या ताब्यात होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये नगरपालिकेने आपल्या मालकीची तेथील जमीन वियोत जमातीला परत केली. बेटाचे त्यांच्या भाषेतील नाव तुलुवात. कत्तलीनंतर थांबलेला त्यांचा उत्सव त्याआधीच, २०१४ साली, तेथे पुन्हा साजरा झाला होता.

येत्या नोव्हेंबरमध्ये दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून झाल्यावर एक मेणबत्ती जरा बाजूला, ज्यांना थडगेही मिळाले नाही त्यांच्यासाठी लावावी.